वेगाची सायकल : दोहोंतून एक निवडतांना



आमचें गुरुकुंज मोझरी हें गांव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. पूर्वीं ह्या रस्त्यास ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आतां ५३ क्रमांकाचा म्हणतात. ह्याच महामार्गाच्या अमरावती ते अकोला या टप्प्यांत जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला व त्याची नोंद गिनीज बुकांत झाली, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. रस्ता रुंद व गुळगुळीत झाला म्हणजे त्यावरून जाणारें वाहनहि बदलतें. मोटारी बदलल्या त्याचें नवल नाहीं. परंतु पहाटेच्या अंधारांत, पाठीमागें तांबडा दिवा लुकलुकत, पाठ वांकवून, आवाज न करतां सर्रकन् निघून जाणारे सायकलस्वार आमच्या गांवावरून जाऊं लागले, हें माझ्या पिढीच्या माणसांस नवीन आहे. त्यांच्या सायकलीस 'रोड बाईक' म्हणतात. बारीक टायर, एडक्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेलें हँडल. मडगार्ड नाहीं, कॅरिअर नाहीं, स्टँडसुद्धां नाहीं. थांबावयाचें झालें तर ती भिंतीला टेंकून ठेवावी लागते!

ह्या मंडळींच्या एका उपक्रमाची थोडी ओळख करून देतों, कारण आजच्या विषयाशीं त्याचा संबंध आहे. पॅरिस येथील एका जुन्या सायकल-मंडळानें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें जगभर लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या होतात. त्यांस 'ब्रेव्हे' म्हणतात. त्यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलें अंतर ठरलेल्या वेळांत पुरें करावयाचें, एवढेंच. २०० किलोमीटरांस १३ तास ३० मिनिटें, ३०० किलोमीटरांस २० तास, ४०० स २७ आणि ६०० स ४० तास. म्हणजे ताशीं सरासरी १५ किलोमीटर पडले. एवढ्या वेगानें आमचा दूधवालाहि जातो, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंहि आहे. परंतु तो वेग तेरा तास टिकवावयाचा म्हटलें म्हणजे प्रश्न पायांतील बळाचा उरत नाहीं. अंगाला सायकल कितपत मानवते, ह्याचा तो प्रश्न होतो.

नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतीच्या आंत पुरी केली. त्यापूर्वीं २०१५ सालीं नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनीं तीच शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली होती. ह्या शर्यतींत एक विलक्षण व्याधि उद्भवते. मानेचे स्नायु इतके थकतात कीं डोकें वर उचलून धरवत नाहीं. मायकेल शर्मर नांवाच्या एका स्पर्धकावरून तिला 'शर्मरची मान' असेंच नांव पडलें आहे. पाय चालत असतात, श्वास चालत असतो, परंतु मान पडते आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. एवढी पाळी तुमच्याआमच्यावर येणार नाहीं. पण लांब पल्ल्यांत माणूस पायांनीं क्वचितच हरतो, तो मान, मनगट, कंबर आणि गुडघा ह्यांपैकीं कोठेंतरी हरतो, हें त्यावरून ध्यानांत यावें.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्यां परिचारिकेचें काम करते. दिवसभर उभें राहण्याचें काम. तरी सुटीच्या दिवशीं भावाच्या जुन्या सायकलीवर ती तिवसा, कुऱ्हा अशी रपेट करून येई. तिला २०० किलोमीटरांची ब्रेव्हे करावयाची आहे. दोन वर्षें पगारांतून बाजूस टाकलेले पैसे जमले, तेव्हां ती दोन कागद घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "गुरुजी, गणित तुम्हीच शिकवलं. आतां ह्या दोहींचं गणित करून द्या."

पहिली सायकल एका दुकानांत शिल्लक राहिलेली. कार्बनची, शर्यतीच्या घाटाची, वजन साडेआठ किलो, माप ५२. त्या जातीचा तो शेवटचा नग, म्हणून किंमतींत भली मोठी सूट. दुसरी ॲल्युमिनियमची, लांब पल्ल्याच्या आरामशीर बैठकीची, वजन दहा किलो, माप ४८. ती मागवावी लागणार, तीन आठवडे थांबावें लागणार आणि सूट कांहींच नाहीं. सूट वजा जातां दोहींची किंमत जवळजवळ सारखी. पोरीचें मन पहिलीवर गेलें होतें, हें तिनें न सांगतांहि दिसत होतें. दुकानदारानें तिला सांगितलें होतें, "ताई, सीट खालीं करून देतों, हँडल मागें घेऊन देतों. बसून जाईल."

हें 'बसून जाईल' पुष्कळांस महाग पडतें. तें कां, हें समजून घेण्यास थोडें मागें जावें लागेल.

आमच्या लहानपणीं मोठ्या माणसांच्या काळ्या सायकलीचीं मापें दोनच : २२ इंची आणि २४ इंची. हें माप चाकाचें नव्हे. पायडलें ज्या आंसाभोंवतीं फिरतात त्या आंसापासून सीट ज्या नळींत खोंवतात त्या नळीच्या टोंकापर्यंतची ती लांबी. वरचा दांडा जमिनीशीं समांतर असे. म्हणून ह्या एका आंकड्यावरून सायकलीची उंचीहि कळे आणि लांबीहि सुमारें कळे. अंगाशीं मेळ घालण्याची फारशी कोणास फिकीर नसे. ज्याचे पाय पोंचत नसत तो पोरगा दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वांकडें करून सायकल हांकी, आणि शाळेंत वेळेवर पोंचे. वाढत्या अंगाचा सदरा शिवतात, तशीच वाढत्या अंगाची सायकल घेत.

त्या सायकलीनें तें सारें सोसलें, कारण तिच्यावर माणूस ताठ बसतो. हँडल जवळ येतें, अंगाचा बहुतेक भार सीटवर पडतो, वाट दोन-चार कोसांची असते, आणि कंटाळा आला तर उतरून चार पावलें चालतां येतें. रोड बाईकवर भार तीन ठिकाणीं वाटला जातो : सीटवर, पायडलांवर आणि हातांवर. वाऱ्याला छाती कमी द्यावी म्हणून अंग पुढें झुकवावयाचें, आणि तसेंच तासन्‌तास राहावयाचें. त्यांत पाय मिनिटास ऐंशी वेळां फिरतात. दहा तास पायडल मारलें तर ८० गुणिलें ६० गुणिलें १०, म्हणजे ४८,००० वेळां प्रत्येक गुडघा वांकतो आणि सरळ होतो. शाळेच्या वाटेवर जी चूक कळतसुद्धां नाहीं, तीच चूक अठ्ठेचाळीस हजारांनीं गुणिली म्हणजे गुडघा सुजतो.

आतां तो ५२ आणि ४८ चा आंकडा पाहूं. हीं सेंटिमीटरें आहेत, हें उघड आहे. परंतु कशाचीं? १९९० नंतरच्या दशकांत तैवानच्या जायंट कंपनीनें माईक बरोज या इंग्रज कल्पकाच्या आराखड्याप्रमाणें रोड बाईकचा वरचा दांडा सीटकडे उतरता केला. फ्रेम लहान व हलकी झाली, आणि थोड्याच मापांत पुष्कळ उंचीचीं माणसें बसवितां येऊं लागलीं. ही सोय इतर कारखान्यांनींहि उचलली. पण दांडा उतरता झाला आणि सीटच्या नळीची लांबी अर्थहीन झाली. आज कोणी ती नळी जशी आहे तशी मोजतो. कोणी 'दांडा सरळ असता तर ती किती भरली असती' असा कल्पित आंकडा छापतो. कोणी आंकडे सोडून लहान, मध्यम, मोठी अशीं सदऱ्यासारखीं मापें देतो. एका कारखान्याची ५२ ही दुसऱ्याच्या ५४ एवढी निघूं शकते. सबब दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या सायकलींचा मेळ ह्या आंकड्यावरून घालूं नये.

मेळ घालावयाचा तो दुसऱ्या दोन मापांनीं. पायडलांच्या आंसाचा मध्य हा एक बिंदु धरा. पुढच्या चाकाचा चिमटा ज्या नळींतून वर येतो तिच्या माथ्याचा मध्य हा दुसरा बिंदु. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्या बिंदूच्या पातळीपर्यंत सरळ वर किती जावें लागतें, ह्या मापास 'स्टॅक' म्हणतात. तेथून आडवें पुढें किती जावें लागतें, त्यास 'रीच' म्हणतात. पहिली चढ सांगते, दुसरी पोंच सांगते. सीट वर-खालीं करा, पुढें-मागें करा, हीं दोन मापें बदलत नाहींत. तीं फ्रेमचीं आहेत, सामानाचीं नव्हेत. बहुतेक कारखाने हे आंकडे मिलिमीटरांत छापतात. दुकानदारास माहीत नसले तर त्याच्याकडून कारखान्याचें पत्रक मागून घ्यावें; तें मागण्यांत संकोच नको.

पोरीच्या कागदांवर ते आंकडे होते. पहिलीची चढ ५३३, पोंच ३७८. दुसरीची चढ ५४०, पोंच ३६२. म्हणजे उंचींत फरक अवघा सात मिलिमीटरांचा. तो कांहींच नव्हे. पोंच मात्र पहिलीची सोळा मिलिमीटर अधिक. येथेंच थांबलों असतों तर "सोळा मिलिमीटर म्हणजे बोटाएवढी रुंदी, त्यांत काय आहे?" असें वाटलें असतें. परंतु मोठ्या मापाच्या सायकलीस कारखाना बाकीचें सामानहि मोठें लावतो. चिमट्याच्या माथ्यावरून हँडलाकडे जाणारा जो तुकडा असतो, ज्यास 'स्टेम' म्हणतात, तो पहिलीस १०० मिलिमीटरांचा होता व दुसरीस ८० चा. स्वतः हँडलाची पुढें जाणारी कमान पहिलीस ८० व दुसरीस ७०. आतां बेरीज करा : १६ आणि २० आणि १०, एकूण ४६. हात जेथें टेंकावयाचे ती जागा ढोबळमानानें साडेचार सेंटिमीटर दूर गेली. शिवाय पहिलीचें हँडल ४२ सेंटिमीटर रुंद, आणि पोरीच्या खांद्यांची रुंदी ३७. टेबलावर बसून लिहितांना कोणी वही साडेचार सेंटिमीटर पुढें सरकवून ठेवली, तर अर्ध्या तासांत पाठ बोलूं लागते. येथें तर दिवसभर बसावयाचें आहे.

आतां अंगाचीं मापें कशीं घ्यावीं तें सांगतों. दोनच पुरे आहेत, आणि घरीं घेतां येतात.

अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभें राहावें. पावलांमध्यें वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचें एक पुस्तक, कणा वर करून, दोन पायांमध्यें धरावें व सीटवर बसल्यावर जेवढा दाब लागतो तेवढ्या दाबानें वर ओढावें. पुस्तकाची कड भिंतीस काटकोनांत असावी. कण्याच्या पातळीवर घरच्या दुसऱ्या माणसानें पेन्सिलीनें खूण करावी, आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजावें. तीनदां मोजून मधला आंकडा घ्यावा. विजारीसाठीं शिंपी घेतो तें माप येथें चालणार नाहीं. तें हाडापर्यंत जात नाहीं, म्हणून कांहीं सेंटिमीटर कमी भरतें. कित्येकजण दुकानांत विजारीचेंच माप सांगतात आणि सीट खालीं राहून जाते.

पोरीचें हें माप तिच्या आईनें घेतलें : ७३ सेंटिमीटर. ह्यास ०.८८३ नें गुणिलें म्हणजे पायडलांच्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती अंतर असावें तें निघतें. गुणाकार ६४.५ सेंटिमीटर आला. हा गुणक फ्रान्सचे शिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचे शिष्य ग्रेग लेमाँड यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. हे लेमाँड टूर द फ्रान्स ही शर्यत १९८६, १९८९ व १९९० अशी तीनदां जिंकले, आणि १९८९ ची तर तीन आठवड्यांच्या शर्यतीनंतर अवघ्या आठ सेकंदांनीं! तरी गुणक हा आरंभ समजावा, शेवट नव्हे. जोड्याचा तळ जाड-पातळ असतो, पावलाची लांबी कमीअधिक असते. पडताळा असा पाहावा : सीटवर सरळ बसून पायडल अगदीं खालीं आणावें आणि त्यावर टांच ठेवावी. पाय पूर्ण सरळ झाला आणि कंबर कलली नाहीं, तर सीट बरोबर आहे. मग पायडलावर चवडा ठेवला म्हणजे गुडघ्यास आपोआप थोडा बांक राहतो, आणि तेवढाच हवा असतो.

सीट खालीं राहिली तर गुडघा पुढून, वाटीजवळ दुखतो. फार वर गेली तर गुडघ्याच्या मागच्या बाजूस ओढ लागते व सीटवर कंबर डावीकडे-उजवीकडे हलूं लागते. हें एवढें ध्यानांत ठेवलें तरी अर्धे सायकलस्वार औषधाच्या दुकानांत जाणार नाहींत.

दुसरें माप धडाचें व हातांचें. ह्यास मात्र भरंवशाचा गुणक नाहीं. माझ्या वर्गांत शेजारीं शेजारीं बसणारीं दोन मुलें उभीं राहिलीं कीं सारखीं दिसत, आणि बसलीं कीं एक दुसऱ्यापेक्षां डोकें भरून उंच होई. एकाची उंची पायांत, दुसऱ्याची धडांत. केवळ एकंदर उंचीवरून सायकल देणारे जे तक्ते दुकानांत टांगलेले असतात, ते ह्या दोघांस एकच सायकल देतील. बायकांचे पाय नेहमींच लांब व धड आंखूड असतें, असेंहि एक मत दुकानांतून ऐकूं येतें. त्यावर विसंबूं नये. जी समोर उभी आहे तिलाच मोजावें.

मापावर न जातां अनुभवावर जावें लागतें तें येथें. सायकल भिंतीशीं धरून, कोणास मागून आधार देण्यास सांगून, सीटवर बसावें. हात हँडलाच्या वरच्या बोंडांवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर ठेवावे. कोंपरांस किंचित् बांक असावा. मग खंजिरीवर बोटें चालवावीं तशीं हाताचीं बोटें मोकळीं करून पाहावीं. बोटें सैल सोडतां येत असतील, तर भार योग्य वाटला गेला आहे. तोल सांवरण्यासाठीं मूठ आंवळावी लागत असेल, खांदे कानांकडे चढत असतील, तर हँडल दूर आहे. अशा बैठकींत तासाभरानें करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होतें. कारण त्या बोटांकडे जाणारी शीर तळहाताच्या कडेशीं दाबली जाते. जाड हातमोजे घालून हें थोडें लांबतें, टळत नाहीं.

दुकानदाराच्या 'बसून जाईल' मध्यें खरें किती आणि खोटें किती, हें आतां सांगतां येईल. सीट खालीं होईल, हें खरें. ५२ च्या सायकलीवर ६४.५ ची उंची सहज मिळाली असती. स्टेम आंखूड लावतां येतो, हेंहि खरें. १०० च्या जागीं ७० चा लावला तर तीन सेंटिमीटर परत मिळतात. परंतु उरलेलें दीड सेंटिमीटर कोठून आणावयाचें? बहुतेक ठिकाणीं तें सीट पुढें सरकवून आणतात. ही युक्ति मला मुळींच मान्य नाहीं. सीटची जागा पायांच्या हिशेबानें ठरावयाची असते, हातांच्या नव्हे. पायडल आडवें धरलें असतां पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा साधारणपणें पायडलाच्या आंसावर यावा, असा जुना आडाखा आहे. तो शास्त्रवचन नव्हे, तरी पुष्कळ अंशीं उपयोगी पडतो. सीट पुढें आणली कीं गुडघाहि पुढें जातो आणि हातांवरचा भार उलट वाढतो. ज्या दुखण्याचा उपाय करावयास गेलों, तेंच दुखणें दुपटीनें पदरीं पडलें!

सबब स्टेम एक-दोन सेंटिमीटर बदलणें, हँडलाखालच्या कड्या वर-खालीं करणें, ह्या गोष्टी बारीक जुळवणीसाठीं ठेवाव्यात. चुकीची फ्रेम दुरुस्त करण्यासाठीं त्या नाहींत. दोन मापांच्या मधोमध एखादा सांपडला तर काय करावें, असें कोणी विचारील. सर्वसाधारणपणें लहान घ्यावी, कारण लहान सायकल लांबवितां येते, मोठी आंखूड करतां येत नाहीं. पण ज्याचे पाय लांब आणि कंबर ताठ, त्याला लहान फ्रेमवर सीट फार वर व हँडल फार खालीं पडतें. चाळिशी उलटलेल्या आणि खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसानें तेथें मोठीचा विचार करावा, मात्र पोंच पाहून.

लहान चणीच्या माणसानें आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, पायडलाच्या क्रँकची लांबी. ती १६५ मिलिमीटर मिळाली तर उत्तम, १७२ ची नको. दुसरी, ब्रेकची मूठ. बोटें आंखूड असतील तर मुठीजवळचा लहान स्क्रू फिरवून ती जवळ घेतां येते, आणि विकत घेण्यापूर्वींच घेऊन पाहावी. परतवाड्याकडून चिखलदऱ्यास चढणारा उतरतांनाहि त्याच घाटानें उतरतो. तेथें ब्रेक बोटांच्या टोंकांनीं धरावा लागला तर तो प्रश्न सुखदुःखाचा राहत नाहीं, जिवाचा होतो.

हें सारें जुळल्यावर मग कार्बन कीं ॲल्युमिनियम, ह्याचा विचार. दीड किलो वजन कमी म्हणून जो आनंद होतो, त्याचाहि हिशेब करूं. स्वार ५२ किलोचा, सायकल, पाणी व सामान मिळून १३ किलो; एकूण ६५. दीड किलो म्हणजे ह्याचा अडीच टक्क्यांहून कमी भाग. तासाभराचा चढ असेल तर वांचले सव्वा-दीड मिनिट. आणि आमचें वऱ्हाड बहुतांशीं सपाट आहे. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक शक्ति वारा कापण्यांत जाते, तेथें दीड किलोचा लाभ जवळजवळ शून्य. उलट हात अवघडले म्हणून दर वीस किलोमीटरांस पांच मिनिटें थांबावें लागलें, तर २०० किलोमीटरांत पाऊण तास गेला.

टायर व गिअर यांकडे मात्र वजनापेक्षां अधिक लक्ष द्यावें. महामार्ग गुळगुळीत आहे, पण महामार्गापासून घरापर्यंतची वाट तशी नसते. पूर्वीं रोड बाईकचे टायर २३ मिलिमीटर रुंद असत. आतां २८ व ३२ चे सर्रास येतात, हवा थोडी कमी भरतां येते आणि खडी हातांपर्यंत पोंचत नाहीं. फ्रेममध्यें ३२ चा टायर मावतो कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. पहिल्या सायकलींत २८ पलीकडे मावत नव्हता. गिअरचा हिशेब सोपा आहे : पुढच्या चक्राचे दांते भागिलें मागच्या चक्राचे दांते, गुणिलें चाकाचा परीघ. परीघ साधारण २.१३ मीटर धरा. पुढें ३४ व मागें २८ दांते असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल २.६ मीटर जाते. मागें ३४ असतील तर २.१३ मीटर. घाटांत दमून मिनिटास साठ फेरे होऊं लागले, तर पहिलीस ताशीं सव्वानऊ किलोमीटरांचा वेग राखावाच लागेल; दुसरी साडेसातांवरहि चढत राहील. नवशिक्यानें दुसरीच पत्करावी. त्यांत कमीपणा कसला?

पोरीनें अखेर दुसरी सायकल मागविली. तीन आठवड्यांचे पांच झाले, आणि त्या काळांत पहिली सायकल कोणा उंच मुलानें नेली, हें तिनें थोड्या खिन्नपणेंच सांगितलें. कार्बनची हौस कांहीं वाईट नव्हे. तिच्या मापाची कार्बनची सायकल त्या भावांत मिळाली असती, तर मीं तीच घे म्हणून सांगितलें असतें.

जुनी सायकल घेणारांसाठीं दोन शब्द. विकणारा माप सांगतो त्यावर न जातां फ्रेमवरील कारखान्याचें नांव, साल व माप पाहून चढ-पोंच काढावी, बहुधा मिळते. कार्बनची जुनी फ्रेम असेल तर नाण्याच्या कडेनें हलकेंच ठोकीत जावें. एखाद्या ठिकाणीं आवाज बद्द आला तर आंत तडा असण्याचा संभव आहे, आणि अशी फ्रेम जाणत्याकडून तपासल्यावांचून घेऊं नये. सीटची नळी किती आंत आहे हेंहि पाहावें. तिच्यावर कमींत कमी किती खोंवावी ह्याची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसत असेल, तर त्या सायकलीचा पहिला मालक तिच्यासाठीं फार उंच होता.

सायकल घरीं आल्यावर पहिल्या महिन्यांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीहि तीन-चार मिलिमीटरांपेक्षां अधिक नको, आणि मग निदान दोन-तीन रपेटी कराव्यात. बैठक एकदां जमली कीं सीटच्या नळीवर, ती जेथें फ्रेममध्यें शिरते तेथें, रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें आणि सीटच्या टोंकापासून हँडलापर्यंतचें अंतर वहींत लिहून ठेवावें. आगगाडीनें किंवा बसच्या टपावरून सायकल न्यावयाची झाली म्हणजे सीट व हँडल काढावें लागतें, आणि परगांवीं पहाटेच्या अंधारांत तें पुन्हां बसवितांना अंदाज चुकतो. पट्टी असली म्हणजे नळी तेथवर खालीं जाऊं द्यावी आणि बोल्ट आंवळावा.